खाल्लेलं आणि अंगी लागलेलं

प्राण्याच्या शरीरातच त्याच्या जेवणाची नोंद असते, हे मी सोलापुरात शिकत असताना पहिल्यांदा वाचलं. ती नोंद प्रत्यक्ष वाचायला बसले ते बनारसला आल्यावर. कार्बन आणि नायट्रोजन या दोघांचेही दोन-दोन स्थिर समस्थानिक असतात, एक हलका आणि एक किंचित जड. ते किरणोत्सारी नसतात, काळाबरोबर घटत नाहीत. कार्बनच्या शंभर अणूंत साधारण एक जड, नायट्रोजनच्या हजारांत जेमतेम चार. अन्नातून ते शरीरात येतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण अन्नाची ओळख सोबत आणतं. मायकेल डिनिरो आणि सॅम्युएल एपस्टाइन यांनी १९७८मध्ये कार्बनसाठी आणि १९८१मध्ये नायट्रोजनसाठी हे प्रयोगाने दाखवून दिलं. गंगेकाठी हे काम करताना मला जे उमगत गेलं, ते इथे मांडते.

१.
पोटात गेलेलं आणि अंगी लागलेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बनारसच्या गल्लीतल्या गाईच्या शेपटीचा केस घ्या. मुळापासून टोकापर्यंत त्याचे तुकडे पाडले की कोणत्या महिन्यात काय खाल्लं ते ओळीने उलगडतं. गव्हाचा भुसा दिसतो, ज्वारी-मक्याचा हिरवा चारा दिसतो. दिसत नाही ते प्लास्टिक. पोटात किलोंनी पिशव्या साठल्या असल्या तरी केसात त्यांचा मागमूस नसतो, कारण त्यांतला कार्बन रक्तात उतरतच नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी अस्वस्थ झाले. जनावर ज्याने मरणार, नेमकं तेच समस्थानिक मोजणाऱ्या आमच्या यंत्राला दिसत नाही. म्हणून पोटातलं, विष्ठेतलं पाहणाऱ्यांच्या कामाबद्दल मला फार आदर आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या बिबट्यांची विष्ठा तपासली. त्यांच्या भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात सर्वांत मोठा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. विष्ठेतला केस ‘कुत्रा’ असं नाव घेऊन सांगतो. आमचा आकडा असं नाव कधीच घेत नाही.

२.
आपण कुठून आलो, हे आपला केस आपल्याआधी सांगतो. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ही उन्हाळी गवतांची जात. प्रकाशसंश्लेषणाची त्यांची रीत वेगळी असल्यामुळे त्यांच्यात जड कार्बन जास्त राहतो, मानकाच्या तुलनेत हजारी उणे बारा-तेराच्या आसपास. गहू, तांदूळ, हरभरा, तूर यांचा आकडा उणे सत्तावीसच्या जवळपास. या विषयातल्या बाकी साऱ्या फरकांच्या मानाने ही दरी प्रचंड आहे. सोलापूरकडचं माणूस ज्वारीच्या भाकरीवर वाढतं आणि त्याच्या घरचं दूधही कडबा खाणाऱ्या म्हशीचं असतं. बनारसला आल्यावर माझं जेवण गहू, तांदूळ आणि भुशावरच्या दुधाकडे सरकलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मी माझाच एक लांब केस यंत्रात घातला. टोकाकडे ज्वारी होती आणि मुळाकडे येता येता आकडा गव्हाकडे उतरत गेला. स्थलांतराबद्दल मी कुणाशी फारसं बोलले नव्हते, घरीसुद्धा नाही. त्या आलेखासमोर मात्र बराच वेळ बसून राहिले.

३.
पाया मोजल्याशिवाय उंची सांगता येत नाही. आमच्या कामात हे विसरणं सर्वांत सोपं आणि सर्वांत महाग. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की जड नायट्रोजन हजारी तीन ते चारने वाढतो. शेवाळ खाणाऱ्या गोगलगाईपेक्षा तिला खाणारा मासा वर, त्याला खाणारा आणखी वर. कागदावर हे इतकं सरळ दिसतं की हाती आलेल्या माशाला लगेच पायरी नेमून द्यावीशी वाटते. पण ही शिडी गंगेत कशावर उभी आहे? शेतातून वाहून येणारा युरिया हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, त्याचा आकडा शून्याच्या आसपास. शहराचं सांडपाणी नेमकं उलट. त्यातला अमोनिया उडून जाताना हलका नायट्रोजन आधी जातो, जिवाणू नायट्रेट मोडतात तेव्हाही आधी हलकाच उचलतात. मागे राहतो तो जड. ते पाणी पिऊन वाढलेलं शेवाळ मुळातच जड, त्यावरची गोगलगाय जड, मासाही जड. शाकाहारी मासा आकड्यांवरून मांसाहारी भासू लागतो. त्याची पायरी तीच असते, पाया वर उचललेला असतो.

कबाना आणि रासमुसेन यांनी १९९६मध्ये दाखवलं होतं की पाणलोटात माणसांची वस्ती जितकी दाट, तितका तिथल्या पाण्यातल्या प्राथमिक भक्षकांचा, म्हणजे शेवाळावर जगणाऱ्या जीवांचा, नायट्रोजन जड. बनारसमध्ये नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. आधी अस्सी नाल्याचं पाणी मिळतं, मग सारे घाट, शेवटी वरुणा नदी. म्हणून आम्ही अस्सीच्या वरच्या अंगाच्या आणि वरुणा-संगमाखालच्या गोगलगाई आणि शिंपले आधी गोळा करतो, मासे नंतर. गंगा कृती योजनेची सुरुवात १४ जून १९८६ रोजी याच शहरात, राजेंद्र प्रसाद घाटावर झाली. तेव्हापासून नदीची तब्येत लोक ऑक्सिजन आणि जिवाणूंच्या आकड्यांत वाचतात. ते आकडे पाणी भरलं त्या क्षणाचे असतात. घाटाच्या पायरीला चिकटलेल्या गोगलगाईच्या मांसात कित्येक आठवड्यांचं पाणी साठलेलं असतं. तिला उचलताना मला दर वेळी वाटतं, नदीबद्दल हिला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त ठाऊक आहे.

४.
एकाच पक्ष्याच्या अंगावर दोन देश असू शकतात. हिवाळ्यात घाटांसमोर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. नाववाले त्यांना सरसकट ‘साइबेरियन पक्षी’ म्हणतात आणि प्रवासी त्यांच्यापुढे शेवेची पाकिटं रिकामी करतात. जानेवारी २०२१मध्ये बर्ड फ्लूच्या काळात प्रशासनाने याला मनाई केली होती, तरी हौस काही संपत नाही. ही शेव पक्ष्यांच्या अंगी लागते का? पीस उगवताना जे खाल्लं तेवढंच त्यात नोंदलं जातं आणि पूर्ण वाढलेल्या पिसात पुढे बदल होत नाही. काळ्या डोक्याच्या कुरवाची पंखातली मोठी पिसं उन्हाळ्यात, विणीनंतर, उत्तरेतच उगवतात. त्यांत काशी असणारच नाही. पण हिवाळा सरता सरता त्याचं डोकं गडद होऊ लागतं, ती नवी पिसं मुक्कामाच्या जागी आलेली असतात. मेलेल्या पक्ष्याचं पंखातलं पीस आणि डोक्यावरचं पीस शेजारी ठेवली की दोन हजेरीपट उघडतात. आणखी एक गुंता असा की पीस प्रथिनांचं बनतं आणि त्यासाठी शरीर मुख्यतः अन्नातली प्रथिनंच वापरतं. दिवसभर तेलातली शेव खाऊन पक्ष्याने संध्याकाळी दोन मासे पकडले, तर पिसावर माशांचाच ठसा उमटायचा. ‘पिसात शेव दिसत नाही, म्हणजे खाऊ घालायला हरकत नाही’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. पिसात न दिसणारी ती चरबी पुढच्या हजारो किलोमीटरांच्या उड्डाणात त्याच्या अंगावर असते.

५.
गणिताला विचारलं की ते उत्तर देतंच. कोणत्या अन्नाचा किती वाटा हे काढायची सांख्यिकी प्रारूपं आज सहज मिळतात. चार अन्नं द्या, चारांचे टक्के येतात, बेरीज शंभर. पाचवं अन्न द्यायचं राहिलं असेल तरी बेरीज शंभरच. पाचवं कोणतं, हे मला मल्लाहांनी सांगितलं. निषादराज घाटाकडचे एक चाचा जाळं विणता विणता म्हणाले, “दीदी, बाढ़ में मछली नदी में थोड़े रहती है, खेत में चढ़ जाती है.” पुराच्या पाण्याबरोबर मासा शेतात जातो, तिथले किडे, दाणे, कुजलेला पाला खातो आणि पाणी ओसरलं की परततो. यात्रेकरू कणकेच्या गोळ्या टाकतात, त्या कोणता मासा उचलतो आणि कोणता फिरकतही नाही, हेही त्यांनी घाटांच्या नावांसह सांगितलं. त्यानंतर माझ्या नमुन्यांच्या यादीत भाताच्या खाचरातली माती आणि कणीकही आली.

६.
लोक जो प्रश्न सर्वांत जास्त विचारतात, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. अर्धवट जळालेली प्रेतं नदीत जातात, ती मांसाहारी कासवं खातील, या कल्पनेवर सारनाथला कासवांचं प्रजनन केंद्र उभं राहिलं. १९८९मध्ये रामनगरपासून मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा पट्टा कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला. मग कासवांनी खरंच ती प्रेतं खाल्ली का? मऊ पाठीच्या या कासवांना कवचावर थरांचे खवले नसतात, नमुना घ्यायचा तर नखाचं टोक, तेही रीतसर परवानगीने. पण ते मिळालं तरी अडचण तशीच राहते. इथला माणूस गहू, तांदूळ, डाळ, दूध यांवर जगतो. नदीत टाकलेलं मेलेलं ढोर भुशावर जगलेलं असतं, आणि सांडपाण्यावर पोसलेल्या माशाचा नायट्रोजन जड असतो. या साऱ्यांचे आकडे एकमेकांवर इतके चढतात की माणूस वेगळा काढता येत नाही. सुरुवातीला हे सांगताना मला अपुरं वाटायचं. आता तेच मला या कामातलं सर्वांत खरं वाक्य वाटतं: अन्नजाळ्यात माणूस मिसळून जातो, त्याला वेगळा रंग नसतो.

७.
जे जीव आता इथे येत नाहीत, त्यांचंही जेवण शोधायला हवं. हिल्सा मासा समुद्रात वाढून अंडी घालायला गंगेतून वर यायचा, काशी-प्रयागच्याही पलीकडे. १९७५मध्ये फरक्का धरण सुरू झालं आणि त्याची वाट अडली. अलास्कात सामन मासे समुद्रातला नायट्रोजन नदीकाठच्या अस्वलांपर्यंत आणि झाडांपर्यंत पोचवतात, हे समस्थानिकांनीच उघड केलं. हिल्सानेही बंगालच्या उपसागरातला थोडा समुद्र दर वर्षी काशीच्या सुसरींना, घारींना आणि माणसांना आणून दिला असणार. तो किती होता हे मोजायची मला मनापासून इच्छा आहे. त्यासाठी गंधक उपयोगी पडेल, कारण समुद्राच्या पाण्यातल्या गंधकाचा आकडा जगभर हजारी अधिक एकवीसच्या आसपास असतो आणि नद्यांचा सहसा त्याहून बराच कमी. हवी आहेत ती १९७५च्या आधीची हाडं, इथल्या सुसरींची, घारींची, कुणाच्या संग्रहात वा महाविद्यालयाच्या कपाटात पडून असलेली. फॉर्मलिनच्या बाटलीतली शक्यतो नकोत, फॉर्मलिन आकडे बिघडवतं. त्या काळचा कार्बन आजच्याशी ताडताना एक दुरुस्तीही करावी लागेल. आपण जाळलेल्या कोळशा-तेलामुळे हवेतला कार्बनच हलका झाला आहे, उद्योगयुगाआधीच्या हजारी उणे साडेसहावरून आज उणे साडेआठपर्यंत. जमीन, नदी आणि समुद्र यांच्यात हा बदल सारख्या वेगाने मुरत नाही, म्हणून दुरुस्ती प्रत्येकासाठी वेगळी करायची. तिची आकडेमोड मी मांडून ठेवली आहे. हाडं मिळायची आहेत.