खाटेचे चार कोपरे
(पाठ : मार्क २:१-१२)

कफर्णहूमातील पक्षघाती मनुष्य आपल्या पायांनी प्रभूकडे आला नाही. चौघांनी त्याला उचलून आणिले. दाराशी दाटी पाहून ते माघारे फिरले नाहीत, तर छप्पर उकलून त्यांनी खाट खाली सोडिली. प्रभूने एकट्या रोग्याचा नव्हे, तर ह्या वाहणाऱ्यांचाही विश्वास पाहिला.

सन २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूस गुइलेन-बॅरे नामक व्याधीचे पुष्कळ रोगी एकाएकी आढळले. कित्येकांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतु सापडला. दूषित पाणी व कच्चे राहिलेले मांस यांतून तो पोटात जातो. असा विकार होऊन गेल्यावर क्वचित शरीराची रक्षक शक्तीच चुकून मज्जातंतूंवर उलटते. पायांस मुंग्या येतात, बळ जाते, व दुर्बळता थोड्या दिवसांत हात, घसा व छातीपर्यंत चढते. ही व्याधि रोग्याला शिवल्याने लागत नाही. ती करणी नव्हे, शापही नव्हे. दुखणे दिसले की पाप कोणाचे, असे विचारणाऱ्या शिष्यांचा तर्क प्रभूने मोडून काढिला (योहान ९:१-३).

तर मंडळीने खाटेचे चार कोपरे कसे धरावे?

पहिला कोपरा त्वरेचा. कन्हेरीसारख्या गावी आधी अंगारा, मग मालीश, शेवटी इस्पितळ असा क्रम लाविला, तर वाटेतच श्वास कोंडेल. पाय लुळे पडू लागताच १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. इम्युनोग्लोब्युलिनची सुई किंवा रक्तद्रव बदलण्याचा उपाय लवकर झाल्यास अधिक गुणकारी ठरतो.

दुसरा सेवेचा. रोग्याची कूस वेळोवेळी पालटावी, म्हणजे पाठीस जखमा होणार नाहीत. गिळण्यास त्रास होत असेल, तर डॉक्टरांस विचारल्यावाचून पाणीही पाजू नये.

तिसरा शब्दांचा. देह निश्चळ असला तरी मन बहुधा जागे असते. एका रोग्याच्या उशाशी उभे राहून आम्ही एकदा त्याच्या लेकरांच्या पुढल्या सोयीविषयी बोललो. तो बरा झाल्यावर म्हणाला, “पाळकसाहेब, मी सर्व ऐकत होतो.” ती लाज आम्ही विसरलो नाही. उशाशी बोलावे ते रोग्याशीच बोलावे.

चौथा धीराचा. बहुतेक रोगी पुन्हा चालतात, परंतु त्यास महिने लागतात. कित्येकांस अशक्तता राहते, काही दगावतातही. विलंब झाला म्हणून विश्वास उणा आहे, असे कोणी म्हणू नये. त्या घरच्या उसाला पाणी द्यावे, जनावरांस वैरण घालावी, आणि रात्रंदिवस जागणाऱ्या पत्नीस किंवा आईस एक रात्र तरी निजू द्यावे. प्रार्थना करून उठलेल्या हातांचे हेच काम होय.

विचारासाठी प्रश्न : १. आपल्या मंडळीत आज कोणाची खाट एकाच माणसाच्या खांद्यावर आहे? २. तिचा दुसरा कोपरा ह्या आठवड्यात कोण धरील?