मने जोडणारी शाळा

मुलांनो, जगाच्या नकाशात आपल्या देशाच्या आग्नेयेला, चहूबाजूंनी समुद्र असलेला एक भला मोठा देश दिसतो. तो ऑस्ट्रेलिया. क्रिकेटमुळे त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. कांगारूही तिथलाच. पण त्या देशाचे मूळ रहिवासी कोण, हे फारसे कुणी विचारीत नाही. आज त्यांच्याविषयी वाचू या, आणि त्यांच्या मुलांना शाळेत मान कसा मिळू लागला तेही पाहू या.

जुने रहिवासी

हे लोक त्या भूमीवर ५०,००० वर्षांहून अधिक काळ राहत आले आहेत. इंग्रज तेथे गेले तेव्हा त्यांच्या २५० हून अधिक भाषा होत्या. शाळेची इमारत नव्हती, पण शिक्षण होते बरं का! पाणी कुठे सापडते, कोणता कंद खायचा, मासे कोणत्या दिवसांत येतात, हे सारे मूल वडीलधाऱ्यांच्या मागे फिरून शिके. जमीन आपली नव्हे, आपण जमिनीचे, अशी त्यांची समजूत.

१७८८ साली इंग्रजांची जहाजे सिडनीजवळच्या किनाऱ्याला लागली. ही जमीन कुणाचीच नाही, असे धरून त्यांनी वसाहत केली. नव्या रोगांनी आणि बंदुकांनी पुष्कळ मूळ रहिवासी मेले. उरलेल्यांच्या जमिनी गेल्या.

आईपासून तोडलेली मुले

पुढे याहून वाईट घडले. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारी माणसे मूळ रहिवाशांची हजारो मुले आईबापांपासून काढून नेत. गोऱ्यांच्या रीतीने वाढली की ती सुधारतील, असे सरकारचे म्हणणे. किंचेला या ठिकाणी १९२४ ते १९७० पर्यंत अशा मुलग्यांना ठेवण्याचे घर होते. तेथे मुलाला नावाऐवजी क्रमांकाने हाक मारीत. अशा घरांत मुले आपल्या भाषेत बोलली तर त्यांना शिक्षा होई. पुष्कळांना आपली आई पुन्हा दिसलीच नाही.

जी मुले घरी राहिली त्यांचेही हाल होते. न्यू साउथ वेल्स राज्यात गोऱ्या पालकांनी तक्रार केली, तर मुख्याध्यापक मूळ रहिवाशांच्या मुलांना शाळेतून काढू शकत. हा नियम १९७२ साली गेला.

आता विचार करा. ज्या शाळेने आजीला दाराबाहेर उभे केले, त्या शाळेत नातू हसतमुखाने कसा जाईल? आईबापांचे पाऊल तरी तिकडे कसे वळेल? पोट भरलेले असले, अंगावर कपडे असले, तरी 'तुझे घर हलके, तुझी भाषा हलकी' असे रोज ऐकणाऱ्या मुलाचे मन खचतेच. खचलेल्या मनाला पाढेसुद्धा येत नाहीत.

चेरबर्गची शाळा

क्वीन्सलँड राज्यात चेरबर्ग नावाचे गाव आहे. सरकारने ठिकठिकाणचे मूळ रहिवासी आणून तेथे बसवले होते. तेथील शाळेत मुलांची गैरहजेरी फार, अंगणात कचरा, अभ्यास मागे. 'या मुलांकडून एवढेच व्हायचे' असे मोठी माणसेच म्हणत.

१९९८ साली ख्रिस सारा हे गुरुजी मुख्याध्यापक म्हणून आले. ते स्वतः मूळ रहिवाशांपैकीच. त्यांनी गावातल्या वडीलधाऱ्यांना व पालकांना शाळेच्या कामात ओढून घेतले. शाळेचे ब्रीद ठरले : खंबीर आणि हुशार. खंबीर म्हणजे आपण कोण आहोत याचा अभिमान बाळगणारे. हुशार म्हणजे कोणत्याही शाळेतल्या मुलांच्या बरोबरीने शिकणारे. गावातली माणसे शाळेत मदतीला आली. मूळ रहिवाशांचा इतिहास वर्गात शिकवू लागले. मुलांनी शाळा झाडून-पुसून लख्ख ठेवली. दोनेक वर्षांत विनाकारण गैरहजेरी फारच कमी झाली. मुले तीच होती, गावही तेच. शाळेची नजर बदलली होती.

समेट म्हणजे काय?

दोघे भांडले आणि गुरुजींनी हात मिळवायला लावले, एवढ्याने समेट होत नाही. आधी काय घडले ते खरे सांगावे लागते. मग माफी. मग वागण्यात बदल.

१९९७ साली चौकशीचा अहवाल आला आणि काढून नेलेल्या मुलांची हकिगत साऱ्या देशाने वाचली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत सरकारच्या वतीने त्यांची माफी मागितली. ती मुले तोवर म्हातारी झाली होती.

आता दरवर्षी २७ मे ते ३ जून हा आठवडा तेथे समेटाचा म्हणून पाळतात. या दिवसांत पुष्कळ शाळांमधून मुले कागदावर आपला पंजा ठेवून त्याची आकृती काढतात, काळा, लाल, पिवळा असे रंग देतात आणि भिंतीवर लावतात. हे मूळ रहिवाशांच्या झेंड्याचे रंग. कित्येक शाळांत सभेच्या आरंभी, ही जमीन ज्यांची त्यांची आठवण काढतात. कुठे अंगणात मुले गोल करून बसतात आणि एखादे आजोबा किंवा आजी गोष्टी सांगतात. गोलात पुढचा-मागचा कुणी नसतो. मनातले दुःखही तिथे बोलता येते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. संसदेला सल्ला देणारे मूळ रहिवाशांचे मंडळ राज्यघटनेत असावे का, यावर १४ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथे मतदान झाले. १०० पैकी साधारण ६० मते 'नाही' अशी पडली. त्या दिवशी पुष्कळ मूळ रहिवासी दुःखी झाले. शाळांचे काम मात्र थांबलेले नाही.

पालकांनाही एक सांगणे आहे. शाळेत केवळ निकाल बघायला येऊ नका. आपल्याला येणारी एखादी गोष्ट मुलांना शिकवायला या. चेरबर्गला शाळा सुधारली ती गावकऱ्यांची पावले शाळेत वळली म्हणून.

विचार करा व सांगा

१. किंचेला येथे मुलांना नावाऐवजी क्रमांकाने हाक मारीत. त्यामुळे मुलांना काय वाटले असेल?
२. नुसती माफी पुरते का? आणखी काय करावे लागते?
३. आपल्या वर्गात कुणाच्या घरी वेगळी बोली बोलतात? तिच्यातले पाच शब्द विचारून घ्या आणि या फलकाखाली लिहा. हसायचे मात्र नाही!