बीएड करायचंय? फीपेक्षा आधी सरावशाळेचं अंतर विचारा

बीएडच्या चौकशीला आलेला प्रत्येक जण आधी फी विचारतो. प्रश्न चुकीचा नाही, पण दोन वर्षांत खिशातून जे जातं त्यात फी हा सर्वांत सहज कळणारा आकडा आहे. हिशेब कोलमडतो तो दुसऱ्या वर्षी, आंतरवासिता, म्हणजे सरावशाळेत जाऊन शिकवणं, सुरू झाली की.

सुरुवातीचा खर्च किरकोळ. राज्य सीईटी कक्षाच्या बीएड सीईटीचा अर्ज हजार रुपयांच्या आसपास पडतो, राखीव गटांना थोडा कमी. दीड तासात शंभर प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजी माध्यमाचं कॉलेज हवं असेल तर इंग्रजीची वेगळी परीक्षाही द्यावी लागते. या सीईटीसाठी दहा-पंधरा हजारांचा क्लास लावण्याची गरज नाही; जुने पेपर सोडवले तरी भागतं.

फी कॉलेजच्या प्रकारावर ठरते. शासकीय आणि अनुदानित अध्यापक महाविद्यालयांत काही हजारांत काम होतं, पण तिथल्या जागा थोड्या. विनाअनुदानित कॉलेजात वर्षाला तीस-चाळीस हजार, कुठे त्याहून बरंच जास्त. हा आकडा कॉलेजने मनाने सांगायचा नसतो. 2015 च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण तो ठरवतं आणि संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दाखवतं. तो आधी पाहा, मग प्रॉस्पेक्टस वाचा. त्यावर कुणी ‘डेव्हलपमेंट’, ‘डोनेशन’ म्हणून मागत असेल आणि पावती देत नसेल, तर कॅपिटेशन फीवर राज्यात 1987 पासून बंदी आहे हे लक्षात असू द्या.

सवलती चांगल्या आहेत, मात्र बहुतेकींची मेख एकच: प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन भरतं. आठ लाखांच्या आतल्या खुल्या गटातल्या मुलग्यांना राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. मॅनेजमेंट कोट्यातून आत गेलात की महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या या रकमेवर पाणी सोडावं लागतं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जातवैधता हे कागद प्रवेशाच्या घाईत नव्हे, पदवीच्या शेवटच्या परीक्षेआधीच मार्गी लावा.

आता मुख्य खर्च. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) 2014 च्या नियमांनी बीएड दोन वर्षांचं झालं आणि वीस आठवडे शाळेत घालवणं बंधनकारक झालं. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. या काळात छात्राध्यापकाला एक पैसा मिळत नाही, उलट रोज शाळेत हजर राहावं लागतं. येण्या-जाण्याला दिवसाला साठ रुपये धरा; आठवड्याचे सहा दिवस, सोळा आठवडे, म्हणजे 5,760 रुपये. हे झालं एसटीने किंवा लोकलने. सरावशाळा आडमार्गाला असेल तर रिक्षा आली आणि आकडा दुप्पट झाला. त्याहून मोठा फटका बुडालेल्या कमाईचा. शिकवण्या किंवा दुकानातली नोकरी करून महिन्याला आठ हजार मिळत असतील, तर चार महिन्यांचे बत्तीस हजार गेले. हा आकडा कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

साहित्याचा खर्च हप्त्याहप्त्याने होतो, म्हणून जाणवत नाही. सूक्ष्म अध्यापनाची वही, पाठ टाचणाची वही, निरीक्षण वही, प्रत्येक प्रात्यक्षिकाचं वेगळं जर्नल आणि शेवटी स्पायरल बाइंडिंग. पस्तीस मिनिटांच्या तासासाठी आदल्या रात्री चार्टपेपरवर पचनसंस्था काढायची, दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावर बसलेल्या प्राध्यापकांनी ‘फलकलेखन सुधारा’ असा शेरा मारायचा आणि तो चार्ट पुन्हा कधी उघडायचा नाही. काही कॉलेजांत ठरावीक रंगाची साडी किंवा गणवेश लागतो, तोही ठरलेल्याच दुकानातून. सीनियरकडून जुने चार्ट, मॉडेल मागून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

कमाई बुडू नये म्हणून ‘नॉन-अटेंडिंग’चा मार्ग दाखवणारे एजंट भेटतात. नियमाने वर्गात 80 टक्के आणि आंतरवासितेत 90 टक्के हजेरी लागते. खोट्या हजेरीवर मिळवलेली पदवी नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत गळ्याशी येऊ शकते. शिवाय वर्गच पाहिला नाही तर शिकवणार कसं? नोकरी सोडणं खरोखर शक्य नसेल तर मुक्त विद्यापीठाचं बीएड आहे, पण ते सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांपुरतं.

पुढचा हिशेबही आत्ताच मांडा. ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या वर्गांना बीएड चालत नाही, तिथे डीएलएड लागतं. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) दुसरा पेपर, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलसाठी अभियोग्यता चाचणी. दोन्हींची फी पुन्हा हजाराच्या घरात. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, आणि माध्यमिकला मानधन महिना 18,000. यासाठी दोन लाखांचं कर्ज काढणं मला तरी पटत नाही.

पसंतीक्रम भरण्याआधी एक दिवस काढून यादीतल्या वरच्या दोन-तीन कॉलेजांत जाऊन या. ऑफिसात बसू नका, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. सरावशाळा कोणत्या, किती लांब, आणि पावतीशिवाय किती पैसे दिले, एवढे तीन प्रश्न त्यांना विचारा.