बाटली नको, आधी जाळी काढा

श्रावणातल्या ढगाळ दिवसांत शेडनेटमध्ये मत्स्यटाकीची झाडे वाढवणाऱ्यांपुढे एक मोठा धोका असतो. टाकीच्या पुढच्या भागात जमिनीलगत पसरायला हवीत अशी ग्लॉसोस्टिग्मा, मॉन्टे कार्लोसारखी झाडे सरळ उभी वाढू लागतात, आणि असा माल टाकी सजवणारा घेत नाही. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे आणखी एक बाटली. कुणी सूक्ष्म अन्नद्रव्ये फवारतो, कुणी युरियाचे पाणी सोडतो, तर कुणी आंब्याला वापरतात ते पॅक्लोब्युट्राझोल आळवणीतून देतो. हा पैशाचा चुराडा थांबवा. झाडे उंच होतात ती उजेड कमी पडतो म्हणून.

पुरावा ट्रेमध्येच आहे. एक काडी उपटून पानांच्या दोन जोड्यांमधले अंतर पाहा. उन्हाळी वाढीत पाने एकमेकांना जवळजवळ चिकटून असतात. पावसाळी पेर लांब, फिकट आणि लेचेपेचे निघते. अन्न कमी पडले असते तर वाढच खुंटली असती. उजेड कमी झाला की झाड पाने आणि मुळे सोडून खोडाच्या लांबीवर ताकद खर्च करते. टोमॅटोची रोपवाटिका दाट झाली की रोपे उंच आणि लुकडी होतात, तेच इथे घडते. दाटीत वरची पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात, त्यापलीकडचा दूर-तांबडा तेवढा खाली झिरपतो, आणि या बदललेल्या प्रमाणावरून झाडाला शेजाऱ्याची सावली कळते. त्यात नत्र जादा दिले की ही मऊ वाढ आणखी फोफावते.

उजेडासाठी शेडनेटची जाळी काढली तर पावसाचा मार बसतो, असे सांगितले जाते. पाऊस अडवायला पारदर्शक पेपर लागतो, आणि तोही धुतलेला. धूळ-शेवाळ चढलेला पेपर जाळीइतकाच उजेड खातो. कार्बन डायऑक्साइडने पाण्याखाली वाढ जोमदार होते हे खरे, पण उजेडाशिवाय झाडाला तो वापरताच येत नाही. क्रिप्टोकोरायनी पार्वा सावलीतही बुटकी राहते, हा आक्षेपही ऐकू येतो. तिची पाने बुडख्यातून फुटतात आणि ती जातीनेच ठेंगणी आहे. तिच्यावरून खोडाच्या झाडांचा हिशेब मांडू नका. पॅक्लोब्युट्राझोलसारख्या वाढरोधकाने उंची दबेल, पण उजेडाची तूट तशीच राहील आणि औषधाचा अंश मासे-कोळंबीच्या पाण्यात जाईल. टाकीच्या झाडांवर ते वापरूच नका.

उन्हाळ्यातली जाळी आता टप्प्याटप्प्याने काढा. एकदम काढली आणि कडक ऊन पडले तर कोवळी पाने करपतात. मांडणीवरच्या ट्रेजवळ दिवे खाली आणा. लांबलेले पेर पुन्हा आखूड होत नाही, म्हणून शेंडे कापून विरळ लावा. कापलेले तुकडे वाळवून कंपोस्टमध्ये टाका, नाल्यात नको. पानवेलींनी गोदावरीचे काय केले ते नाशिककर पाहतातच, आणि त्याच प्रवाहावर पुढे नांदूर मध्यमेश्वर आहे, रामसर यादीत आलेले राज्यातले पहिले पाणथळ क्षेत्र.