आधीं ऐकावें, मग सेवा करावी
इंग्रजी श्रवणपाठ शिकविणाऱ्या उपदेशकांसाठीं

शास्त्रपाठ : १ शमुवेल ३:१-१०, याकोब १:१९



आपणांपैकीं ज्यांस मंडळीच्या मुलांस इंग्रजी शिकवावें लागतें, त्यांच्यासाठीं हा पाठ आहे.

इंग्रजीच्या पुस्तकांत एक श्रवणपाठ वारंवार आढळतो. श्रीमंत देशांतील तरुण वेतन न घेतां गरीब देशांत जातो, शाळा बांधतो, विहीर खणतो. अशा सेवेसाठीं ब्रिटनमध्यें १९५८ सालीं व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज व अमेरिकेंत १९६१ सालीं पीस कोर ह्या संस्था निघाल्या. पीस कोरचे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत आपल्या देशांतही होते. हें कार्य स्तुत्य खरें. परंतु देणारा नेहमीं परका आणि घेणारा आपल्यासारखा खेडूत, असें पुनःपुन्हा ऐकून मुलाच्या मनांत ठसतें कीं, देणें हें इतरांचें काम व हात पसरणें हें आपलें. ख्रिस्ताच्या शिष्यास हें शोभत नाहीं.

शमुवेलास पाहा. तीन वेळां हाक आली व तीनही वेळां तो एलीकडे धांवला. त्याचे कान तीक्ष्ण होते, सेवेची हौसही होती. हाक कोणाची, हें मात्र त्यास कळलें नाहीं. एलीनें त्याच्या वतीनें ऐकलें नाहीं. कसें ऐकावें तेवढें सांगून त्यास परत पाठविलें. शिक्षकानेंही असेंच करावें.

प्रथम व्हॉलंटिअर, व्हिलेज, नीड हे शब्द फळ्यावर लिहून अर्थ सांगा. मग पुस्तकें मिटवून पाठ तीन वेळां ऐकवा.

पहिल्या वेळीं विचारा : कोण, कोठें गेला?

दुसऱ्या वेळीं : त्यानें काय केलें? मुलांनीं ऐकतां ऐकतां दोन-तीन शब्द वहींत टिपावे. चुकणाऱ्यास कोणी हंसूं नये.

तिसऱ्या वेळीं : गांवकऱ्यांनीं काय मागितलें? येथें मुलें बहुधा गप्प बसतील. कारण अशा पाठांत गांवकरी पुष्कळदां बोलतच नाहीं. ह्याच ठिकाणीं थांबा व जवळचें उदाहरण सांगा.

अमरावती जिल्ह्यांत, मेळघाटांतील बैरागड येथें, डॉ. रवींद्र कोल्हे कोरकू लोकांत राहून नाममात्र मोबदल्यावर औषधोपचार करूं लागले. पुढें त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता ह्याही तेथें आल्या. लोकांचें ऐकतां ऐकतां त्यांस उमगलें कीं, पुष्कळ रोगांचें मूळ भुकेंत आहे. गुरें व पिकें जगल्यावांचून माणसें जगावयाचीं नाहींत. तेव्हां ह्या वैद्यानें अकोल्याच्या कृषि विद्यापीठाची वाट धरून शेतीचें ज्ञान मिळविलें. २०१९ सालीं उभयतांस पद्मश्री मिळाली. लोकांचें न ऐकतां ते केवळ गोळ्या देत राहते, तर भूक तशीच राहिली असती.

आतां मुलांस घरचा अभ्यास द्या. प्रत्येकानें शेजारच्या एका वृद्धाकडे किंवा आजाऱ्याकडे जावें, काय हवें तें विचारावें, मध्यें न बोलतां ऐकावें, आणि दुसऱ्या दिवशीं तें एका इंग्रजी वाक्यांत वर्गास सांगावें. मग तें काम करावें. पाणी आणून देणें, पत्र वाचून दाखविणें हीही सेवाच होय. तीस परदेशीं जावें लागत नाहीं.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
१. शमुवेलास प्रभूची हाक प्रथम कां ओळखतां आली नाहीं?
२. आपल्या गांवांत कोणाचें म्हणणें आपण कधीं ऐकून घेतलें नाहीं?
३. ह्या आठवड्यांत वेतनावांचून कोणतें काम आपण करूं?

प्रभु आपणांस ऐकणारे कान व सेवा करणारे हात देवो.