या फोनवरून त्या फोनवर

आपल्या परभणी जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना विचारा. पूर्वी मुंबईला जायचे तर मनमाडला गाडी बदलावी लागे. परभणी, मानवत रोड, सेलू ही स्टेशने छोट्या लाईनवर होती. तिच्या दोन रुळांत अंतर 1 मीटर. मनमाडहून मुंबईकडे मोठी लाईन. तिथे अंतर सुमारे 1 मीटर 68 सेंटिमीटर. छोट्या लाईनचा डबा मोठ्या लाईनवर चालत नसे. मग हमालांनी माल उतरवायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा. वेळ जाई, पैसाही जाई. 1990 नंतर इथले रूळ मोठे झाले. तेव्हा ही उतरव-चढव संपली.

फोनचेही असेच आहे. कसे ते पाहू या.

समजा, गंगाखेड तालुक्यातले एक जोडपे ऊस तोडायला दूर कारखान्यावर गेले आहे. मुले घरी आजीजवळ आहेत. आजीजवळ बटणांचा साधा फोन आहे. मुलाच्या फोनवर व्हॉट्सॲप आहे. तो व्हॉट्सॲपवरून आजीला फोन लावतो. लागत नाही. त्याने साधा फोन लावला, तर लगेच लागतो. असे का?

साध्या फोनच्या कंपन्या अनेक आहेत. कोणाचे सिम बीएसएनएलचे, कोणाचे जिओचे, कोणाचे एअरटेलचे. पण त्यांची जाळी एकमेकांना जोडलेली आहेत. तशी जोडणी द्यावी, असा सरकारी नियमच आहे. या जोडणीसाठी फोन लावणाऱ्याची कंपनी दुसऱ्या कंपनीला पैसे देई. 2017 पासून हा दर मिनिटाला 6 पैसे होता. 1 जानेवारी 2021 पासून तोही बंद झाला. म्हणून सिम कोणाचेही असो, आपण कोणालाही फोन लावतो.

इंटरनेटवरून बोलताना आवाजाचे बारीक बारीक तुकडे होतात. ते तुकडे इंटरनेटवरून जातात आणि पलीकडे पुन्हा जुळतात. पण प्रत्येक कंपनीचे जाळे वेगळे. व्हॉट्सॲपवरून व्हॉट्सॲपलाच बोलता येते. टेलिग्रामवरून टेलिग्रामलाच. व्हॉट्सॲपला आपला नंबर द्यावा लागतो. म्हणून वाटते, की साधा फोनही त्यावरून लागेल. पण तिथे नंबर आपली ओळख पटविण्यापुरताच असतो.

मग ही जाळी जोडता येत नाहीत काय? येतात. घंटी कशी वाजवायची, बोलणे कसे सुरू करायचे, कसे संपवायचे, याचे सर्वांसाठी नियम आहेत. त्यांना ‘सिप’ म्हणतात. अनेक कचेऱ्यांतले फोन त्यावर चालतात. आपल्या देशात 2002 पासून इंटरनेटवरून बोलण्याची मोकळीक मिळाली, पण ते बोलणे देशातल्या साध्या फोनला जोडण्याची नव्हती. 2018 साली सरकारने परवाना असलेल्या कंपन्यांना तीही दिली.

म्हणजे अडचण यंत्राचीच नाही. ज्याच्याकडे गिऱ्हाईक जास्त, त्याला दार उघडण्याची घाई नसते. कंपन्या म्हणतात, की दुसऱ्याला आत घेतले तर बोलणे गुप्त कसे राहील? हा प्रश्नही खोटा नाही. युरोपातील देशांच्या संघाने 2022 साली यासाठी कायदा केला. दुसऱ्या कंपनीने मागितल्यास मोठ्या कंपनीने जोडणी द्यावी आणि गुप्तताही राखावी, असे त्यात आहे. आधी लेखी निरोप, मागाहून बोलणे, असा क्रम ठरला. हा कायदा युरोपापुरता आहे.

आपण काय करावे? आम्ही तीन गोष्टी सांगतो.

1. घरच्यांचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा.

2. दूर जाताना सिमचा रिचार्ज संपू देऊ नका.

3. रात्री साप चावला, बाळंतपणाची वेळ आली, तर साध्या फोनवरूनच 108 किंवा 112 लावा. व्हॉट्सॲपवरून हे नंबर लागत नाहीत. ही गोष्ट घरातल्या मुलांनाही शिकवा.

रूळ जुळले, तेव्हा मनमाडची खोळंबणी संपली. फोनची जाळीही माणसाने विणली आहेत. ती जोडणेही माणसाच्याच हाती आहे.

सांगा पाहू

1. मनमाडला गाडी का बदलावी लागे?
2. जिओच्या सिमवरून बीएसएनएलचा फोन का लागतो?
3. आजीच्या फोनला व्हॉट्सॲपचा फोन का लागला नाही?
4. 108 हा नंबर कोणत्या फोनवरून लावाल? पाटीवर लिहा.