नराची खरी परीक्षा आपल्याच शेडमध्ये

दिवाळी सरली, रात्री गार पडू लागल्या. उन्हाळ्यात वरचेवर उलटणाऱ्या डुकरांच्या माद्या आता नीट माजावर येतील. गाभणकाळ 114 दिवसांचा. 1 नोव्हेंबरला भरवलेली मादी 23 फेब्रुवारीच्या आसपास विते. 1 जानेवारीला भरवलेली थेट 25 एप्रिलच्या काहिलीत. तेव्हा डिसेंबरच्या मध्यापर्यंत माद्या भरवून घ्या. त्याआधी मात्र एक जाड वही, वजनकाटा आणि कानाला खाचा पाडायचा चिमटा आणून ठेवा.

लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा लँडरेसचा नर आणताना आपण त्याची लांबी, पुठ्ठा आणि सोबतचा कागद पाहतो. तो नर निवडला गेला तो स्वच्छ, बंदिस्त, मोजून खाद्य देणाऱ्या फार्मवर. त्याच्या लेकी वाढणार आपल्याकडे, पत्र्याखाली, हॉटेलच्या उरल्यासुरल्या अन्नावर (ते उकळूनच द्या, यात सूट नाही). तिथे पहिला आलेला नर इथेही पहिला येईलच असं नाही. मोठ्या पैदास कंपन्यांनाही हे कळून चुकलं. म्हणून त्या गिऱ्हाइकांच्या शेडमधल्या संकरित पिल्लांच्या नोंदी गोळा करतात आणि त्यावरून आपल्या शुद्ध जातीच्या नरांची क्रमवारी बदलतात. 2009 च्या सुमारास डुकरांसाठी जनुकीय चिप आली, तिच्या मदतीने कानाच्या कातडीच्या तुकड्यावरूनही पिल्लाचा बाप ओळखता येतो. आपल्याला एवढं नको. एका माजात दोन नर वापरले नाहीत, की बाप ठाऊकच असतो.

पिल्लू ओळखता यावं म्हणून त्याच्या कानाला खाचा पहिल्या दोन-तीन दिवसांत पाडा. उजव्या कानावर वेताचा क्रमांक, डाव्यावर पिल्लाचा. खाचेच्या जागेप्रमाणे तिची किंमत 1, 3, 9 किंवा 27, आणि बेरीज म्हणजे क्रमांक. उजवीकडे 3 ची एक नि 1 ची एक, डावीकडे 1 च्या दोन : चौथ्या वेतातलं दुसरं पिल्लू. हात बसायला एक वेत जातं, पिल्लं कोकलतात, पण कानातला बिल्ला पडतो तशी खाच पडत नाही.

वहीत भरवल्याची तारीख, नर, जिवंत आणि मेलेली पिल्लं, जन्मवजन, 42 व्या दिवशी दूध तोडताना उरलेली पिल्लं आणि त्यांचं एकूण वजन लिहा. पिल्लू दुसऱ्या मादीला लावलं असेल तर दोघींच्याही पानावर नोंद हवी. नाहीतर पाजणारीचं श्रेय जन्म देणारीला जातं.

वाचताना घाई नको. पिल्लांच्या संख्येतला जेमतेम दहावा हिस्सा रक्तातून येतो, बाकी खाद्य, ऋतू आणि नशीब. एका वेतात बारा दिली म्हणून मादी थोर ठरत नाही. तिची दोन-तीन वेतं, आई नि बहिणींची पानं एकत्र पाहा. वाढीचा वेग आणि चरबीची जाडी मात्र रक्तात बरीच उतरते. तिथे नराच्या पिल्लांचं वजन लवकर बोलतं. पहिल्या वेताची मादी तिसऱ्या वेताच्या मादीशी किंवा फेब्रुवारीचं वेत मे महिन्याच्या वेताशी ताडून पाहू नका.

आठ-दहा माद्यांच्या कळपात नराचा निवाडा होत नाही. पाच-सहा जणांनी एकाच नराचं वीर्य वापरावं आणि नोंदी एकत्र कराव्यात. नर मात्र शेडोशेडी फिरवू नका. 2020 पासून आफ्रिकन स्वाइन फीव्हर देशात आहे आणि त्यावर इलाज नाही. वहीच्या पानांचे फोटो पाठवले तरी भागतं.

फेब्रुवारीत व्यालेल्या माद्यांचं दूध एप्रिलच्या सुरुवातीला तुटेल आणि चार ते सात दिवसांत त्या माजावर येतील, नेमक्या उन्हात. तेव्हा पहिल्याच भरणीला कोण राहते ते पाहा. 21 दिवसांनी ती पुन्हा माजावर आली नाही, तर तिच्या पानावर लाल खूण करा. तोवर प्रत्येक वेतातल्या दोन चांगल्या लेकी विकू नका. कोणाच्या ठेवायच्या ते मे उजाडल्यावर कळेल.